पाणंदीतली वारी

आईचं खुब्याचं हाड मोडलं ते होळीच्या तोंडावर. ऑपरेशन झालं, पण उठायला-बसायला माणूस लागतंच. रात्री घर सोडणं जमणार नव्हतं, म्हणजे वारी चुकणार. मे महिन्यात तिलाच तसं सांगितलं. पडल्या पडल्या म्हणाली, "पालखी कुणासाठी थांबत न्हाई. तू हितनं चाल."

हितनं म्हणजे बेळगावजवळच्या आमच्या उचगावच्या शिवारातनं. २९ जून २०२४ ला आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं आणि मीही ठरवलं: त्या दिवशी पालखीचा जेवढा टप्पा, तेवढंच अंतर आपण पाणंदीतनं, बांधावरनं चालायचं. पहाटे चारला गळ्यात टाळ अडकवून, अंगावर खोळ घेऊन निघायचं आणि आईच्या जेवणाआधी परत यायचं. पुण्यात आणि सासवडात पालखी दोन रात्री असते. त्या दिवशी मीही घरीच थांबलो.

सगळ्यात लांबचा टप्पा पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर, मध्ये दिवे घाट. आम्हाला घाट कुठला? तुरमुरी, बाची ओलांडून शिनोळीला महाराष्ट्र लागतो, तिथनं देवरवाडी आणि वर वैजनाथाचं देऊळ. दिवे घाटाच्या नावानं तोच डोंगर चढलो. घाटात पुढच्या-मागच्या दिंड्यांचे अभंग एकमेकांत मिसळतात, दम लागलेलं कळत नाही. इथं धुक्यात माझाच टाळ मला ऐकू येत होता. वैजनाथाच्या पायरीवर बसलो, फार एकटं वाटलं. अंतर जमलं होतं, वारी जमली नव्हती.

परतताना रस्त्यावर एका मालट्रकवाल्यानं गाडी हळू केली. "यल्लिगे होंटीरी?" कुठं निघालात, म्हणून कानडीत विचारलं. मी म्हटलं, "पंढरपुरक्क." पंढरपूर मागं आहे की पुढं, हे त्यानं विचारलं नाही. स्टेअरिंगवरचे दोन्ही हात जोडले आणि गेला. आमच्या भागात विठोबाला भाषा विचारत नाहीत. कानडी दिंड्याही चालतातच की.

जेजुरी-वाल्हे टप्प्याच्या दिवशी गावाच्या खालच्या अंगाला रोप लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात आठ-दहा बायका. टाळ ऐकून त्यातल्या एक म्हाताऱ्या काकू बांधावर आल्या आणि सरळ माझ्या पायावर वाकल्या. मी मागं सरकलो. वयानं आईएवढ्या त्या! मग आठवलं, वारीत कुणी वयानं मोठं नसतं, समोरचा माउलीच. मीही वाकलो. पाय कुठले आणि चिखल कुठला कळेना, कपाळाला गार चिखल लागला. तो मी घरी येईपर्यंत पुसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या वाटेवर कुणी ना कुणी बांध संपेपर्यंत सोबत यायचं. हातावर गूळ-शेंगा ठेवायचं. नीरा स्नानाच्या दिवशी आमच्या मार्कंडेय नदीला लाल पाणी आलं होतं. काठावरनंच ओंजळ घेतली. एका पोरानं हात धरला होता.

रिंगण मात्र एकट्यानं होत नाही. लोणंद ते तरडगाव टप्पा लहान, कारण वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण असतं. त्या दिवशी आठ किलोमीटर चालून मी लवकर घरी आलो आणि गप्प बसून राहिलो. अश्व दौडून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला होणारी ती झुंबड. तिला पर्याय नाही. असल्याचं सोंग मला करायचं नव्हतं.

आई रोज विचारायची, "आज मुक्काम कुठं?" मी फलटण म्हटलं, नातेपुते म्हटलं, की ती डोळे मिटायची. तिनं सोळा वाऱ्या केल्यात. "माळशिरसात ऊन लागतंय, डोक्यावर टावेल घे," असंही सांगायची. बाहेर धो धो पाऊस असायचा.

१६ जुलैला, दशमीला, वाखरी ते पंढरपूर एवढंच उरलं होतं. पाच-सहा किलोमीटर. भिजून घरी आलो, टाळ देवापुढं ठेवला, आईच्या खाटेपाशी गेलो. तिनं बायकोला हाक मारून स्वतःला उठवून बसवून घेतलं. मला जवळ उभं केलं आणि वाकायला येत नव्हतं म्हणून म्हणाली, "पाय वर ठेव, खाटेवर."

मला कळलं. मी मान हलवून मागं झालो.

"वारकऱ्यानं मागं घेऊ नये," ती म्हणाली आणि हात पुढं करून बसून राहिली.

मी पाय ठेवला.