खोल समुद्रात गळ टाकताना: घरच्यांसोबतची एक फेरी

बोट ठरवताना आम्ही सगळं लक्ष मासे कुठले मिळतील याच्याकडे दिलं. खरं तर आधी विचार करायला हवा होता तो बोटीवर येणाऱ्या माणसांचा. बाबा (वय अडुसष्ट), दादा-वहिनी, त्यांची बारा वर्षांची मुलगी, माझे दोन मित्र आणि मी असे सात जण होतो. मासेमारीची जागा ३० सागरी मैलांवर, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर आत. वीस नॉटच्या वेगाने जायला दीड तास, यायला दीड तास. दहा तासांतले तीन असे प्रवासातच गेले. घरच्यांना घेऊन पहिल्यांदा जाणार असाल तर इतक्या आत जाऊ नका. पाच-सहा तासांची, जवळची फेरी ठरवा.

हवामान बघताना लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर बघा. दीड मीटरची लाट दर दहा सेकंदांनी येत असेल तर बोट अलगद वर जाते आणि अलगद खाली येते. तीच लाट दर पाच सेकंदांनी आली की दिवसभर आपटत राहते. आमच्या दिवशी अंतर सहा-सात सेकंदांचं होतं. मला ते आधी दिसलं होतं, तरी तारीख पुढे ढकलली नाही, याचं अजून वाईट वाटतं, कारण वहिनीला बोट लागली. तिने गोळी घेतली ती बोट सुटल्यावर, मळमळायला लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या तासभर आधी तरी पोटात जायला हवी. तिला आत केबिनमध्ये झोपवायला निघालो तेव्हा कप्तानाने थांबवलं. आत डोलणं जास्त जाणवतं. त्याने तिला मागच्या बाजूला मधोमध बसवलं, डिझेलचा धूर येणार नाही अशा जागी, आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगितली. घोट घोट पाणी पीत तासाभरात ती सावरली.

रॉड कुणी धरायचा हे आदल्या रात्रीच चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. हे जरूर करा. मासा लागला की सगळेच धावतात, आणि लहान मूल व म्हातारं माणूस मागे राहतं. मासा बोटीत आला किंवा सुटला की पाळी पुढच्याकडे, एवढा एकच नियम. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमांप्रमाणे झुंज चालू असताना दुसऱ्याने रॉडला हात लावला तर तो मासा विक्रमासाठी धरत नाहीत. आम्हाला विक्रम नको होता, म्हणून थकलं की रॉड दुसऱ्याला देण्याची मुभा ठेवली.

पाण्यात चार आमिषं सोडून सात नॉटच्या वेगाने आम्ही फिरत होतो. दोन तास काहीच नाही. मग पुढे एका ठिकाणी पक्षी सूर मारताना दिसले. कप्तानाने थव्यात न शिरता कडेने बोट नेली आणि उजवीकडचं रील एकदम किंचाळलं. पाळी मित्राची होती. लाइन भराभर जाताना बघून तो घाबरला आणि त्याने ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळला. फट्कन आवाज झाला आणि लाइन तुटली. हे होऊ नये म्हणून ड्रॅग किनाऱ्यावरच वजनकाट्याने मोजून लावून घ्यावा: लाइनच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे १५ किलोच्या लाइनला पाच किलोच्या आत. नंतर त्याला हात लावायचा नाही. मासा पळतो तेव्हा पळू द्यायचा. तो थांबला की रॉड सावकाश वर उचलायचा आणि खाली आणताना रील गुंडाळायचं. लाइन कधीच सैल सोडायची नाही. आणि मासा जवळ आला की पुढची जाड लाइन हाताला गुंडाळून ओढू नका. त्याने परत उसळी घेतली तर बोटं जातात.

बाबांच्या पाळीला टूना लागला, आपला कुपा. तो उड्या मारत नाही, सरळ खाली खोल जातो. बाबा पट्टा बांधून पंधरा मिनिटं झुंजले, मग न बोलता रॉड दादाच्या हातात दिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. तो नऊ किलोचा मासा वर आला तेव्हा दोघेही घामाने निथळत होते.

पुतणीला माही-माही लागला, वाहत आलेल्या एका ओंडक्यापाशी. "काका, हा हिरवा आहे की निळा?" पाण्यात तो पिवळा, हिरवा, निळा सगळंच होता, अंगावर निळे ठिपके चमकत होते. बोटीत घेतल्यावर रंग आमच्या डोळ्यांदेखत ओसरला आणि तो राखाडी पडत गेला. ती गप्प झाली. दुसरा लागला तेव्हा म्हणाली, "सोडूया." वर्तुळाकार गळ ओठाच्या कोपऱ्यात अडकला होता, त्यामुळे मासा पाण्याबाहेर न काढताच पक्कडीने काढता आला. मुलं सोबत असतील तर असेच गळ मागा. फक्त मासा लागल्यावर झटका द्यायचा नाही, रील सावकाश गुंडाळत राहायचं.

बर्फाकडे मात्र आम्ही आधीपासून नीट लक्ष दिलं होतं. टूनाचं अंग भोवतीच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत आणखी तापतं. तो तसाच ठेवला तर मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर लाली येते, डोकं दुखतं, उलट्या होतात. म्हणून मासा लगेच रक्त काढून, बर्फ आणि समुद्राचं पाणी यांच्या मिश्रणात पूर्ण बुडवायचा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा हे मिश्रण लवकर गार करतं. बर्फ किती असणार, मासा कुणाचा आणि साफ कोण करून देणार, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या. काही बोटींवर पकडलेल्या माशांवर बोटीचाच हक्क असतो.