चाळिशीनंतर डोळ्यांचा फोकस उशिरा लागायला लागला, माझा अनुभव

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर मायक्रोमीटर, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची साधनं) आणि ड्रॉइंग. वय ४६, चष्मा कधीच नव्हता. त्रास असा सुरू झाला की रीडिंग घेऊन मान वर केली की समोरच्या मशीनची स्क्रीन क्षणभर पुसट, मग हळूहळू क्लिअर, आणि परत खाली ड्रॉइंगकडे बघितलं की आकडे जागेवर यायला वेळ. सेकंड शिफ्टला तर थिंबलवरच्या (मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवरच्या) ०.०१ मिमीच्या रेघा एकमेकीत मिसळायच्या, तोच जॉब दिवसा खिडकीपाशी उजेडात नेला की व्यवस्थित दिसायचा. सगळे म्हणे मोबाईल कमी कर, गाजर खा, कोणी व्यायामाचे व्हिडिओ पाठवले.

घराजवळच्या एका दुकानात मशीनवर नंबर काढून लगेच "रीडिंगचा घ्या काका" म्हणाले, काम काय करता हे विचारलंच नाही. ते काही पटलं नाही म्हणून कॉलेज रोडला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. तिथे नीट तपासणी झाली, डोळ्यांचं प्रेशर बघितलं (चाळिशीनंतर काचबिंदूसाठी हे बघायलाच हवं), शुगरचा रिपोर्ट मागितला कारण शुगर वरखाली झाली की नंबरही हलतो, मग ड्रॉप टाकून पडदा तपासला. ड्रॉपनंतर बराच वेळ सगळं अंधुक आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे सोबत कुणीतरी न्याच, मला भाच्याने बाईकवर घरी आणलं.

मॅडमनी जे समजावलं ते मला खूप महत्त्वाचं वाटलं. डोळ्यातलं भिंग मऊ असतं आणि त्याच्याभोवती स्नायूचं कडं असतं, ते बारीक धाग्यांनी भिंगाला जोडलेलं. जवळचं बघताना स्नायू आवळतो, धागे सैल पडतात आणि भिंग आपोआप फुगीर होतं, लांब बघताना उलटं, धागे ताणले जातात आणि भिंग चपटं. हे हेल्महोल्त्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ सालीच मांडलं होतं. पण भिंगात आयुष्यभर नवीन थर वाढत राहतात, जुने आत दाबले जातात आणि ते जुन्या रबरासारखं कडक होत जातं. स्नायू बऱ्यापैकी जोर लावतो पण भिंग पटकन आकार बदलत नाही, म्हणून फोकस उशिरा, आणि पुढे पुढे तर पूर्ण लागतच नाही. दहा वर्षांच्या पोराला ७-८ सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं, पंचेचाळिशीत तेच अंतर २५-३० वर जातं, साठीत जवळपास मीटरभर. म्हणजे ही घसरण लहानपणापासूनच चालू असते, फक्त कळते चाळिशीत. मोबाईलमुळे होत नाही आणि व्यायामाने भिंग मऊ होत नाही. उजेडात बरं दिसायचं कारण बाहुली लहान होते आणि पुसटपणा कमी होतो.

मग नंबर. इथे माझं सगळ्यांना सांगणं आहे की काम किती अंतरावर करता ते स्वतःहून सांगा. मी पेन हातात धरून मायक्रोमीटर कसा धरतो ते दाखवलं, ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर काढणाऱ्या) ताईने टेपने अंतर मोजलं, मशीनची स्क्रीन किती लांब तेही विचारलं आणि त्यावरून प्रोग्रेसिव्ह चष्मा सुचवला, एकाच काचेत वर लांबचं, मध्ये स्क्रीनचं, खाली वाचायचं. जवळचा नंबर प्लस दीड. फ्रेम चेहऱ्यावर बसवून, मला समोर बघायला लावून, बाहुलीच्या जागी काचेवर मार्करने ठिपका दिला. हा ठिपका दिल्याशिवाय प्रोग्रेसिव्ह बनवून घेऊच नका, वाचायचा भाग दोन-तीन मिमी खाली गेला तरी मान वर करून वाचावं लागतं.

सुरुवातीचे दिवस जड गेले. कडेने बघितलं की सगळं लाटेसारखं हलायचं, आणि रामकुंडावर उतरताना पायऱ्या वर आल्यासारख्या दिसल्या, बायकोचा हात धरूनच उतरलो. ताईने सांगितलं होतं की जिकडे बघायचं तिकडे नाक वळवायचं, नुसते डोळे नाही, आणि पायऱ्यांवर हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघायचं. तसं केलं आणि चष्मा दिवसभर घालून ठेवला, मग सवय झाली. आता थिंबलवरची रेघ सुटी दिसते आणि मान वर केली की स्क्रीनही लगेच. हा नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढतो, त्यामुळे मॅडमनी पुढच्या वर्षी परत तपासायला बोलावलंय.