तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावची असून कॅटलोनियाबद्दल गप्प का?

दर वर्षी 1 नोव्हेंबर जवळ आला की बेळगावहून काकांचा फोन येतो. काळ्या दिनाच्या फेरीचं बोलून झालं की ठरलेला प्रश्न येतो, "काय गे, तुमच्या कॅटलोनियाचं काय झालं? होतंय की नाही वेगळं?" कॅटलोनिया म्हणजे स्पेनमधला वेगळ्या भाषेचा प्रदेश, मी राहते ते बार्सिलोना त्याची राजधानी. इथल्या बऱ्याच जणांना स्पेनपासून वेगळा देश हवा आहे. पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात, तू सीमाभागातली, तुला त्यांचं दुःख कळणारच. बार्सिलोना बघायला आलेले पाहुणे बाल्कन्यांवरचे झेंडे दाखवून विचारतात, तुम्ही कोणाच्या बाजूने? इतकी वर्षं मी काहीतरी पुटपुटून चहा टाकायला उठते. मग मागे बोललं जातं की हिला मत नाही, किंवा आहे पण सांगायची भीती वाटते.

मत होतं. पेटीत टाकलेलं मत होतं. 9 नोव्हेंबर 2014 ला कॅटलान सरकारने जी मतचाचणी घेतली, तिच्यात तीन वर्षं सलग कायदेशीरपणे राहिलेल्या परदेशी माणसांनाही मत देता येत होतं. मी 2010 मध्ये इथे आले होते. पुठ्ठ्याची पेटी होती, टेबलामागे स्वयंसेवक बसले होते आणि कागदावर दोन प्रश्न होते. कॅटलोनिया 'स्टेट', म्हणजे राज्यसंस्था, असावा का? असावा, तर तो स्वतंत्र असावा का? मी दोन्हींना हो म्हटलं. त्या दिवशी सुमारे 23 लाख लोकांनी मत दिलं आणि शंभरातल्या ऐंशी जणांनी माझ्यासारखंच दोनदा हो म्हटलं. हे काकांना मी आजवर सांगितलेलं नाही.

का म्हटलं, तेही सांगते. मी आले त्याच वर्षी जूनमध्ये स्पेनच्या घटना न्यायालयाने कॅटलोनियाच्या 2006 च्या स्वायत्तता कायद्यातली 14 कलमं कापली होती. तो कायदा बार्सिलोनाच्या संसदेने केला होता, माद्रिदच्या, म्हणजे स्पेनच्या, संसदेने मंजूर केला होता आणि वर लोकांनी सार्वमताने स्वीकारला होता. इतकं सगळं सरळ मार्गाने करून हाती काय आलं, असं मला भेटणारा प्रत्येक जण विचारायचा. मी कुठून आले होते ते आठवा. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जमिनीचा उतारा मराठीत मिळावा म्हणून माझे वडील कचेरीत खेपा घालून थकले. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेत कॅटलान बोललं म्हणून मार खाल्लेले म्हातारे भेटले, तेव्हा मला अनुवादाची गरज पडली नाही. मी त्यांच्यात माझं घर पाहिलं.

आणि तिथेच मी चुकले, असं आज म्हणावंसं वाटतं. पण थांबा, इतक्या सहज नाही.

एक गोष्ट माझ्या खूप उशिरा लक्षात आली. बेळगावात 1 नोव्हेंबरला आम्ही काळ्या फिती लावायचो, आणि त्याच दिवशी रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक लाल-पिवळे झेंडे घेऊन जायची. ते दोन रंग एकत्र दिसले की लहानपणी माझ्या पोटात गोळा यायचा. बार्सिलोनात मी कॅटलान झेंडा बाल्कनीला बांधला तो पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा. समोर स्पेनचा झेंडा, तोही लाल-पिवळाच. तेच रंग बांधताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

1 ऑक्टोबर 2017 बद्दल मी माफी मागणार नाही. त्या दिवशी कॅटलान सरकारने स्वातंत्र्यावर सार्वमत घेतलं, स्पेनने बंदी घातलेली असताना. या खेपेला मत फक्त स्पॅनिश नागरिकांना होतं, मला नव्हतं. पण शाळांना सील ठोकू नये म्हणून पालक शुक्रवारपासून शाळेतच मुक्कामाला होते, त्यांत मीही पाच वर्षांच्या लेकीला घेऊन एक रात्र झोपले. रविवारी पहाटे पाऊस होता. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांतून पेट्या आल्या, पांढरं प्लॅस्टिक, काळं झाकण. आमच्या शाळेत पोलीस आले नाहीत. दुसऱ्या शाळांत काय चाललंय ते आम्ही फोनवर बघत होतो. पायऱ्यांवरून ओढत नेलेल्या बायका दिसत होत्या. एका माणसाचा रबरी गोळीने डोळा गेला. हजाराहून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले, असं कॅटलान सरकारने नंतर सांगितलं. मी लादी पुसत होते आणि कॉफी देत होते. काठी टेकत म्हातारी माणसं मत देऊन बाहेर यायची, सगळे टाळ्या वाजवायचे आणि ती रडायची. हे सगळं पुढाऱ्यांनी लोकांना भुलवून घडवलं, असं जे लिहितात त्यांना मी एवढंच सांगेन की मी तिथे होते.

माझ्या गप्प बसण्याचं मूळ त्यानंतरच्या मंगळवारात आहे, 3 ऑक्टोबरला.

आमच्या मजल्यावर समोर एक आजी राहतात. माझी लेक त्यांना याया म्हणते. इथे आजीला याया म्हणतात, स्पॅनिशमध्येही आणि कॅटलानमध्येही. याया 1962 मध्ये सतरा वर्षांच्या असताना अंदालुसियातल्या हाएनहून आल्या. तिथे जैतुनाच्या मळ्यात मजुरी करायच्या, शाळा नवव्या वर्षी सुटलेली. इथे नवरा ट्रकच्या कारखान्यात लागला, यायांनी लोकांच्या घरी धुणी-भांडी केली. दक्षिणेतून आलेल्यांना तेव्हा इथे चार्नेगो म्हणायचे, तो शब्द त्या अजून उच्चारत नाहीत. कॅटलान त्यांना सगळं कळतं, पण बोलत नाहीत. "सुरुवातीला बोलले की हसायचे, मग सोडून दिलं," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. मी परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याचं कार्ड नवं करायला पहाटेपासून रांगेत उभी असायचे, तेव्हा आठ महिन्यांच्या लेकीला त्यांनीच सांभाळलं. लेक बोलायला लागली ती आमच्याशी मराठीत, पाळणाघरात कॅटलानमध्ये आणि यायांशी स्पॅनिशमध्ये.

त्या दिवशी सार्वत्रिक संप होता. रात्री नऊ वाजता राजे फेलिपे टीव्हीवर आले. सहा मिनिटांच्या भाषणात जखमींबद्दल एक शब्द नव्हता. भाषण चालू असतानाच गल्लीत भांडी वाजायला लागली. त्याला इथे कासोलादा म्हणतात, निषेधासाठी खिडकीत उभं राहून भांडी बडवायची. मी आईने दिलेली पोह्यांची लोखंडी कढई घेतली, झारा घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. लेक चमचा घेऊन शेजारी. आमची आणि यायांची स्वयंपाकघरं इमारतीच्या मधल्या अरुंद चौकात समोरासमोर उघडतात, मध्ये फक्त कपड्यांच्या दोऱ्या. चौकात तो आवाज दुपटीने घुमत होता. यायांच्या खिडकीत अंधार होता. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की त्या अंधारात त्या उभ्या आहेत, हात कट्ट्यावर ठेवून, माझ्याकडे बघत.

मी थांबले नाही. त्यांना पाहिल्यावरही मी चार-पाच वेळा झारा मारला. आज जे आठवतं ते भाषण नाही, हे चार-पाच वेळा.

मग बेल वाजली. याया घरच्या झग्यात दारात उभ्या होत्या, हातात लेकीचा त्यांच्याकडे राहिलेला स्वेटर, घडी घातलेला. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, माझी आई हाएनमध्ये पुरली आहे. नवरा इथे, पलीकडच्या दफनभूमीत. दोघांपैकी कोणाकडे जाताना मी पासपोर्ट दाखवायचा?"

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "याया, पासपोर्ट लागणार नाही. आपण युरोपियन युनियनमध्येच राहू." हे त्या दिवशीसुद्धा खोटं होतं. वेगळा होणारा प्रदेश युनियनच्या बाहेर जाईल, असं युरोपियन कमिशनने आदल्याच दिवशी पुन्हा सांगितलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण खोट्याचं एवढं नाही. एक बाई मला तिच्या आईच्या थडग्याबद्दल विचारत होती आणि मी तिला नियमावली सांगत होते, कचेरीतल्या काचेमागच्या माणसासारखी.

त्या म्हणाल्या, "तुला रांग ठाऊक आहे. म्हणून तुला विचारलं." स्वेटर माझ्या हातात ठेवला आणि गेल्या.

पुढच्या रविवारी, 8 ऑक्टोबरला, स्पेनच्या एकतेसाठी बार्सिलोनात प्रचंड मोर्चा निघाला. याया मोर्चाला गेल्या नाहीत, पण पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाल्कनीला स्पेनचा झेंडा लावला. लेकीला सांभाळायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मलाच विचारायचं तोंड उरलं नव्हतं. मी तिला शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात घातलं. ती कितीतरी महिने विचारत राहिली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 27 ऑक्टोबरला कॅटलान संसदेत 70 मतांनी स्वातंत्र्याचा ठराव, त्याच दिवशी माद्रिदने घटनेचं कलम 155 लावून कॅटलान सरकार बरखास्त केलं, त्या सरकारचे प्रमुख पुजदेमोन ब्रुसेल्सला, उपप्रमुख जुंकेरास तुरुंगात. 2019 मध्ये नऊ स्वातंत्र्यवादी पुढाऱ्यांना 9 ते 13 वर्षांची शिक्षा झाली. 2021 मध्ये शिक्षामाफी मिळाली. पेद्रो सांचेझना पंतप्रधानपद टिकवायला पुजदेमोनच्या पक्षाचे सात खासदार लागले म्हणून 2024 मध्ये 177 विरुद्ध 172 मतांनी माफीचा कायदा झाला. बँकांनी मुख्यालयं वालेन्सिया आणि आलिकान्तेला हलवली. यांतलं काहीच मला गप्प करणारं नव्हतं.

गप्प केलं ते जिन्यात ऐकलेल्या गोष्टींनी. याया जन्मभर समाजवाद्यांना मत देत आल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये वोक्स हा कडवा उजवा पक्ष 52 जागा घेऊन स्पेनच्या संसदेत तिसरा झाला. यायांच्या नातवाने त्या पक्षाला मत दिलं आणि आजीला अभिमानाने सांगितलं. सात महिन्यांपूर्वी त्या पक्षाच्या 24 जागा होत्या, त्याआधी एकही नव्हती. कॅटलोनियाच्या रागावर तो पक्ष वाढला, हे इथे कोणीही सांगेल. आणि तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याबरोबर मी शाळेत रात्र काढली, ते आता रिपोईच्या महापौरबाईंच्या आलियान्सा कातालाना या पक्षाचं बोलतात. 2024 मध्ये त्या पक्षाच्या कॅटलान संसदेत दोन जागा आल्या. स्वातंत्र्य हवं, पण बाहेरचे नकोत. त्यांना मी विचारलं, बाहेरचे म्हणजे कोण? "तू नाही," ते म्हणाले, "तू कॅटलान बोलतेस." यायांचा नातू मला म्हणाला होता, "तू नाहीस त्यांतली, तू काम करतेस." दोघांनाही वाटलं मला बरं वाटेल.

आता 2014 ची मी माझ्याशी भांडायला येते. म्हणते, एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून लाखो लोकांनी मतच मागायचं नाही का? स्कॉटलंडला 2014 मध्ये लंडनच्या संमतीने सार्वमत मिळालं, ते हरले आणि कोणाचं डोकं फुटलं नाही. इथे मत मोजूच दिलं नाही, हा गुन्हा यायांचा की माद्रिदचा? तिचं म्हणणं खोडता येत नाही मला. माद्रिदने दहा वर्षं बोलायला नकार दिला, हे खरंच आहे.

मी तिला उलट म्हणते, पण मोजलं तेव्हा काय निघालं? 2015 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांना मिळून 47.8 टक्के मतं होती, जागा मात्र निम्म्यांहून जास्त. 2017 च्या सार्वमतात 43 टक्के मतदान, त्यातले 90 टक्के हो. म्हणजे एकूण मतदारांतले शंभरात चाळीसही नाहीत. एवढ्यावर देश उभा करायचा? बाकीच्यांना सकाळी उठून कळणार की आपण आता परदेशात आहोत? बेळगावात आमच्यावर हेच झालं ना, आम्हाला न विचारता? ती म्हणते, बेळगावात आपण अल्पसंख्य होतो, इथे कॅटलान अल्पसंख्य आहेत, म्हणून मी त्यांच्या बाजूने. मी म्हणते, रेघ स्पेनभोवती ओढलीस तर कॅटलान अल्पसंख्य. रेघ कॅटलोनियाभोवती ओढ आणि मग समोरच्या खिडकीत बघ. राजाची भाषा आणि यायांची भाषा एक आहे, पण राजाने यायांना काय दिलं? नवव्या वर्षापुढची शाळासुद्धा दिली नाही.

इथे ती गप्प होत नाही. मीही होत नाही. काकांना फोनवर एवढं सगळं कसं सांगू?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. रोज रात्री आठ वाजता डॉक्टर-नर्सांसाठी सगळे खिडक्यांत टाळ्या वाजवायचे. याया त्यांच्या खिडकीत, मी माझ्या. दोन-तीन दिवसांनी त्यांनी मान हलवली, मीही हलवली. 18 तारखेला राजे पुन्हा टीव्हीवर येणार होते आणि पुन्हा भांडी वाजणार होती. लेक आता मोठी झाली होती, तिने स्वतःहून कढई काढून ओट्यावर ठेवली. मी ती परत मांडणीवर ठेवली. लेकीने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, उद्या पोह्यांना लागेल.

2023 मध्ये मी स्पॅनिश नागरिकत्व घेतलं. भारतीय पासपोर्ट परत केला, तो दिवस फार वाईट गेला. शपथेत राजाशी निष्ठा आणि घटनेचं पालन असे शब्द होते. मी ते म्हटले. तिसऱ्या मजल्यावरच्यांना ते आवडलं नाही.

12 मे 2024 ला मी पहिल्यांदा इथल्या निवडणुकीत मत द्यायला गेले, त्याच शाळेत, जिथे मी लादी पुसली होती. स्वातंत्र्यवाद्यांचं बहुमत त्या दिवशी गेलं. कोणाला मत दिलं ते सांगणार नाही, 2014 चं सांगितलं तेवढं पुरे. रांगेत याया माझ्या पुढे होत्या, काठी घेऊन. टेबलाशी पोहोचल्यावर त्यांनी मागे न बघता हातातली पिशवी माझ्याकडे दिली, ओळखपत्र काढलं आणि पडद्यामागे गेल्या. मी पिशवी धरून उभी राहिले.