पेट्रोल भरल्यावरच थरथरणारी गाडी आणि जॉब कार्डवरचं एक वाक्य

वर्कशॉपच्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार नोंदवतात त्या कार्डावर, माझं एक वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. वाक्य असं: "पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू केली की दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगला थरथरते, एरवी नाही." आयडलिंग म्हणजे गाडी उभी, इंजिन चालू. तीन वेळा यातलं "पेट्रोल भरल्यावर" आणि "एरवी नाही" गाळलं गेलं आणि कार्डावर उरलं "इंजिन व्हायब्रेशन, चेक". चौथ्या वेळी पूर्ण लिहिलं, पण तोवर गाडी दुसरीकडे दुरुस्त झाली होती. अजून आठवलं की डोकं तापतं.

गाडी 2014 ची, पेट्रोल, चार सिलिंडर, 86,000 किलोमीटर झालेली. नाशिकला द्वारका सर्कलच्या सिग्नलवर पहिल्यांदा जाणवलं. न्यूट्रल केली तर आरपीएमचा काटा 800 वरून 500 वर आला, उसळून 900 वर गेला, पुन्हा खाली. स्टिअरिंग थरथरत होतं, सीटखालून धक्के जाणवत होते. बंद पडेल या भीतीने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून सिग्नल काढला. घरी पोचेपर्यंत सगळं शांत.

वर्कशॉपमध्ये पहिल्या फेरीत थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली. दुसऱ्या फेरीत चारही स्पार्क प्लग बदलले. यावर माझी तक्रार नाही, प्लग तसेही बदलायला आले होते. तिसऱ्या फेरीत एक कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, बदलली, 2,400 रुपये. कोणत्या सिलिंडरची आणि का, हे विचारलं तर उत्तर "टेक्निशियनने बघितलंय, मॅडम". दर वेळी गाडी सकाळी 9 ला द्यायची, संध्याकाळी 6 ला घ्यायची, मधे अर्धी रजा. आणि दर वेळी एकच वाक्य ऐकायचं: "आमच्याकडे तर मस्त चालतेय, मॅडम."

चालणारच ना! त्यांच्याकडे कुणी पेट्रोल भरत नव्हतं. मी म्हटलं, समोरच्या पंपावर टाकी फुल करू आणि लगेच बघू, पैसे मी देते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, यात व्हायब्रेशनचा एकच ऑप्शन आहे." खाली रिमार्कची जागा होती, मला दिसत होती. ती रिकामीच राहिली. मग म्हणाला, "स्कॅनरला एकही कोड नाही, म्हणजे गाडीत काही नाही." मग "तुम्ही क्लच लवकर सोडत असाल". गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना थरथरते, क्लचचा संबंध काय? शेवटी ई-20 वर आला: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलच मिळतं, जुन्या गाड्या अशाच करणार. तसं असतं तर टाकी संपेपर्यंत थरथरली असती, पंधरा मिनिटांत थांबली नसती. हे मी त्याला सांगितलं. त्याने माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बदलायचं 4,800 चं एस्टिमेट पुढे केलं.

कोड नाही म्हणजे दोष नाही, ही समजूत मुळात चुकीची. बिघाड ठरावीक हद्दीपलीकडे गेला आणि टिकला तरच गाडीतला कॉम्प्युटर कोड नोंदवतो, आणि स्कॅनर तो वाचतो. त्याच्या आधी लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे, बघावा लागतो, आणि तोही थरथर चालू असताना. गाडी थंड, शांत उभी असताना स्कॅनर लावून काय दिसणार?

एस्टिमेट नाकारून घरी आले आणि वही केली. तारीख, किलोमीटर, किती लिटर, कोणता पंप, इंजिन गरम की थंड, थरथरली का. अडीच महिन्यांत नऊ वेळा पेट्रोल भरलं, आठ वेळा थरथरली. ज्या एका वेळी थरथरली नाही तेव्हा 300 रुपयांचंच टाकलं होतं. पंप तीन वेगवेगळे, म्हणजे भेसळीचा मुद्दा बाद.

ऑफिसातल्या एकाने सातपूरचा एक मिस्त्री सुचवला. छोटं गॅरेज, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. मी वही उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, कधी होतं? टाकी फुल केल्यावर?" मला खरंच भरून आलं. चार महिन्यांत "कधी" हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता.

त्यांनी पेट्रोल भरून थेट यायला सांगितलं. आले तेव्हा गाडी थरथरतच होती. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, उणे 18 टक्के; पेट्रोल जास्त होतंय म्हणून कॉम्प्युटर कमी करत सुटलाय. रेस देऊन 2,500 आरपीएमवर नेली तर आकडा जवळजवळ शून्यावर. मग बॉनेटखाली एका बोटाएवढ्या काळ्या व्हॉल्व्हची मागची नळी काढली आणि म्हणाले, "ताई, अंगठा ठेवा." ठेवला तर अंगठा आत ओढला गेला, आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन एकसारखं झालं. अंगठा उचलला की पुन्हा गडबड. तीनदा करून बघितलं.

तो पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, साठवतात. इंजिन तापल्यावर कॉम्प्युटर हा व्हॉल्व्ह हवा तेवढाच उघडून ती वाफ इंजिनात जाळतो. माझा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. टाकी भरली की वाफ भरपूर येते, आयडलिंगला इंजिन हवा कमी घेतं, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. रेस दिली की हवा वाढते आणि ते जाणवत नाही. खात्रीची परीक्षा सकाळी थंड इंजिनवर: तेव्हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा, त्याच्या कॅनिस्टरकडच्या तोंडाला ओढ लागली तर तो गेला समजा. हात घालताना ओढणी बांधून घ्या, पंखा आपोआप सुरू होतो.

व्हॉल्व्ह काढून त्यांनी पांढऱ्या कागदावर आपटला. मोहरीपेक्षा बारीक काळे कण पडले, कोळशाचे. म्हणजे कॅनिस्टरही फुटत आला होता. व्हॉल्व्ह 1,450 ला त्याच दिवशी बसवला, कॅनिस्टर पुढच्या आठवड्यात. कण नळीत राहिले तर नवा व्हॉल्व्हही अडकतो, म्हणून नळ्या फुंकून घ्या, हे नक्की सांगा.

पंपावर नोझल खट्कन बंद झालं की थांबा. "राउंड करू का?" म्हणत तो पोऱ्या वर आणखी पेट्रोल दाबतो, मग वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा खराब करतं. माझ्या गाडीत दहा वर्षं हेच झालं असणार.

कॉइलबद्दल राहिलंच. संशय असेल तर विकत घेण्याआधी एक नंबरच्या सिलिंडरची तीनवर आणि तीनची एकवर लावायची. पी-0301 (एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे नीट न जळणं) चा कोड पी-0303 (तीन नंबरच्या) झाला तर कॉइल वाईट. पाच मिनिटांचं काम. बदललेला पार्ट मागून घ्या, मी जुनी कॉइल घेऊन ठेवली होती. मिस्त्रींनी ती परत बसवून गाडी आठवडाभर चालवायला दिली. एकही मिसिंग नाही, एकही कोड नाही.

तीच कॉइल आणि वही घेऊन मी वर्कशॉपच्या मॅनेजरसमोर बसले. कॉइलचे पैसे मिळाले नाहीत, पण कार्डावर माझं वाक्य पूर्ण लिहून घेतलं, "एरवी नाही"सकट, आणि खाली त्यांची सही. येताना टाकी फुल केली. पंपावरून निघताना काटा 800 वर होता, द्वारकाच्या सिग्नलवरही 800 वरच.