कालव्याचं पाणी आणि राज्यशास्त्र

"हे राज्यशास्त्र नाही. भूगोल विभागात विचारून बघा."

पीएचडीच्या मुलाखतीत आज एका मुलीला हे ऐकावं लागलं. तिचा विषय: एकाच कालव्यावरचे शेतकरी पाण्याच्या पाळ्या कशा ठरवतात. तिने वाद घातला नाही, मुकाट्याने वही मिटली. ते वही मिटणं फार लागलं मला.

मी तिथेच एलिनोर ऑस्ट्रॉम यांचं नाव घेतलं. बाई राज्यशास्त्राच्याच. १९६५ सालची त्यांची पीएचडी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलाच्या व्यवस्थापनावर होती. पुढे कुरणं, मासेमारी, नेपाळमधलं सिंचन, सगळीकडे एकच शोध: सामायिक गोष्ट लोक मिळून कशी सांभाळतात? २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

राज्यशास्त्राच्या शाखा ठरलेल्या: राजकीय सिद्धांत, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन. शिकवायला ही विभागणी हवीच. पण संशोधनाचा प्रश्न असा खण बघून थोडाच येतो? पहिली पाळी कोणाची, पाणी चोरलं तर दंड कोण करणार, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचं कोण ऐकणार... सत्ता आणखी कुठे शोधायची?

तुमच्या विभागात असा कुठला विषय दाराबाहेरच राहिला?