आमची वाटचाल (आणि आमची ती लांबलचक लिस्ट)

परतवाड्यात आमचं ऑफिस म्हंजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, भिंतीवर मेळघाटचा नकाशा आणि दोन लोखंडी पेट्या. पेट्यांचं पुढं सांगतो. आम्ही लोकांना फिरवतो, चिखलदऱ्याच्या आजूबाजूच्या पायवाटा, गाविलगड किल्ला, परवानगी घेऊन नरनाळा किल्ला, थोडं सायकलिंग. जंगल दाखवणं तसं सोपं काम आहे, ते तिथंच असतं. आमची खरी मेहनत जाते ती माणूस नीट कपडे घालून यावा यात.

सुरुवातीला ओळखीतून अमरावती-अकोल्याचे कॉलेजचे ग्रुप यायचे, झाडून सगळे जीन्समधे. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच, पावसाळ्यात खाली अमरावतीत ऊन पडलेलं असतं आणि घाट चढला की धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. जीन्स एकदा भिजली की जड होते, मांड्या सोलते, संध्याकाळपर्यंत वाळत नाही. मग धबधबा कितीही भारी असो, घरी गेल्यावर पोराच्या लक्षात राहते ती मांडीच. तेव्हा आम्ही बुकिंग झालं की व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवायला लागलो, लवकर वाळणारी ट्रॅक पँट, फुल बाह्यांचा शर्ट, सॉक्सचा जास्तीचा जोड. त्या चार ओळी आता मोबाईलच्या दोन स्क्रीन भरतात, आणि प्रत्येक ओळीमागं कोणी ना कोणी पाहुणा आहे.

बुटावर सगळ्यात जास्त वाद. आमचे गाईड इथल्याच गावातली कोरकू आदिवासी पोरं, ते स्लिपरवर चढतात, कधी अनवाणी पण. ते पाहून पाहुणा हमखास म्हणतो, "मग आमालेच काऊन बूट?" भाऊ, त्याचा पाय लहानपणापासून याच दगडावर आहे अन् तुमचा टाइल्सवर. इथला काळा दगड पावसाळ्यात शेवाळानं असा गुळगुळीत होतो की गुळगुळीत सोलचे महागाचे स्पोर्ट शूज पण सरकतात. त्यामुळं आता आम्ही आधीच सोलचा फोटो मागवतो. लोक आधी हसतात, मग पाठवतात. आणि नवेकोरे बूट घालून डायरेक्ट ट्रेकला येऊ नका राजेहो, आठवडाभर बाजारात-शेतात घालून फिरा, टाच सोलायची ती घराजवळच सोलू द्या.

तरी काही जण सँडलवर येतातच, म्हणून त्या पेट्या. एकीत वेगवेगळ्या साईजचे बूट, दुसरीत पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट), टॉर्च, कानटोप्या, सगळं भाड्यानं. सॉक्स मात्र भाड्यानं देत नाही, विकतच घ्या. एका पावसाळ्यात नुसत्या पोंचोच्या भाड्यावर आमचं ऑफ सीझनचं लाईट बिल निघालं. छत्री आणू नका असं आम्ही स्पष्ट लिहितो, कड्यावरचा वारा ती उलटी करतो आणि चढताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत. सॅकच्या आतून मोठी प्लास्टिकची पिशवी लावा, कव्हर असलं तरी पाणी पाठीकडून शिरतं.

दिवाळीच्या सुमारास वेगळाच ताप, कुसळं. गवत वाळलं की लोकरीचे सॉक्स अन् जाळीचे बूट म्हंजे कुसळांना आमंत्रणच, संध्याकाळी बसून एकेक उपटावं लागतं. जाडसर कापडाची, गुळगुळीत विणीची पँट बरी. हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात आणि दहा वाजता तोच माणूस स्वेटर काढून फिरतो, म्हणून एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला.

उन्हाळ्याची आयडिया घरच्या मॅडमची. आधी आम्ही कंपनीच्या नावाची टोपी द्यायचो, ती बोलली टोपीनं कानही झाकत नाही अन् मानही, त्यापेक्षा बाजारातला सुती दुपट्टा द्या. तेव्हापासून पॅकेजमधे दुपट्टा येतो. डोक्याला बांधा, ओला करून मानेवर टाका, धुळीत तोंडाला घ्या. आमची आई पाहुण्यांच्या खिशात कांदा पण ठेवते, मी अडवत नाही, फक्त सांगतो की कांद्याच्या भरोशावर राहू नका, पाणी प्या. माणशी तीन लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्धं पाकीट ग्लासात टाकून ढवळायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

गाविलगडावर आणखी एक गोष्ट, सेंट मारून येऊ नका. कड्याला आग्या मोहोळं लागतात, उग्र वास, धूर, काळे कपडे त्यांना आवडत नाहीत, म्हणून सिगारेट पण बंद. रंग खाकी, मातकट, फिका हिरवा असा काहीतरी. काही जण वर जाईपर्यंत पाण्याच्या बाटलीची पण तक्रार करतात. मी सांगतो, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यानं हा किल्ला घेतला तेव्हा या डोंगरातून तोफा ओढत आणल्या होत्या, तुम्हाला तीन लिटर जड होतं होय.

शुगर, बीपी, दम्याची औषधं स्वतःची आणा, आणि कोणती ते आम्हाला आधी सांगा. मधे कितीतरी ठिकाणी रेंज नाही, ऑनलाईन पेमेंटच्या भरोशावर राहू नका, सुटे पैसे ठेवा.

लहान मुलांच्या साईजचे बूट पेटीत अजून कमी आहेत, ते या सीझनला वाढवतोय. तोवर पोरांच्या बुटाचा नंबर बुकिंग करतानाच कळवा, आणि सोलचा फोटो उजेडात काढा, गेल्या वेळी एकांनी पलंगाखालचा पाठवला होता.