पाहुणचार कमी केला तेव्हा

वरची मागची खोली आमच्या लेकीची. ती शिकायला बाहेर पडल्यापासून तिथे इस्त्रीचे कपडे, बिघडलेला प्रिंटर आणि नवऱ्याची व्यायामाची सायकल एवढंच नांदत होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, मार्चमध्ये इथल्या ब्रिटिश सरकारने युक्रेनमधून आलेल्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायची ‘होम्स फॉर युक्रेन’ योजना काढली आणि १८ मार्चला अर्ज सुरू झाले. आम्ही दोघं त्या रात्री फार बोललोसुद्धा नाही. नवरा म्हणाला, “सायकल गॅरेजमध्ये टाकतो.” झाला निर्णय.

तेव्हा वाटलं, सरकार कुणालातरी आपल्याकडे पाठवेल. तसं नव्हतं. कुणाला बोलावताय त्याचं नाव अर्जात आपणच द्यायचं. ऑफिसातल्या एका पोलिश सहकाऱ्याच्या नात्यागोत्यातून आम्हाला एक जण कळली. खार्किवची, चौतिशीची, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. नवरा मागे राहिलेला, कारण तेव्हा १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. ती तेव्हा पोलंडमध्ये कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून राहत होती.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर मी फोन हातात धरून तिला सगळं घर दाखवलं. खिडकीतून दिसणारी बाग, बाथरूम, लेकीचं पुस्तकांचं कपाट. भाषांतराच्या ॲपमधून तिने एकच प्रश्न विचारला: खोलीला आतून कडी आहे का?

नव्हती. आम्ही नव्या चादरी घेतल्या होत्या, भिंतीला रंगसुद्धा काढायचा विचार चालला होता. कडी सुचलीच नव्हती. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी बसवली आणि मी तिला फोटो पाठवला. कुणाला तयारीबद्दल सांगायची वेळ आली तर मी आधी या कडीचं सांगते. अनोळखी माणसांच्या घरात मुलाला घेऊन झोपायचं आहे तिला, आणि आपण चादरींचे रंग निवडत बसलोय.

अर्ज इंग्रजीत, आणि प्रत्येक माणसाचा वेगळा, लहान मुलाचाही. ती पासपोर्टच्या पानांचे फोटो पाठवायची, मी रात्री जेवणं आटोपली की भरायला बसायची. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे अगदी तसंच, एक अक्षरही इकडचं तिकडे नको. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय पासपोर्ट होता, त्यामुळे तिला बोटांचे ठसे इथे आल्यावर दिले तरी चालणार होतं. मुलाकडे तो नव्हता. म्हणून त्याला घेऊन वॉर्सातल्या व्हिसा केंद्रात जावं लागलं. तिची परवानगी बारा दिवसांत आली. मुलाची नाही. आई येऊ शकते आणि पोर येऊ शकत नाही, अशा त्या अवस्थेत पुढचे सतरा दिवस गेले. मी रोज व्हिसावाल्यांना फोन करायची, तासतासभर तेच संगीत ऐकायची. तिने एकदाही चौकशी केली नाही. रात्री फक्त अंगठ्याचं चिन्ह यायचं. मला आधी वाटलं, किती धीराची आहे. नंतर कळलं, आपण तगादा लावला तर हे लोक बेत रद्द करतील अशी तिला भीती होती.

दरम्यान कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, गृहस्थ घर बघून गेले. आम्ही त्या वेळी बारशाला करतो तशी साफसफाई केली होती. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गॅसचं सर्टिफिकेट, बॉयलरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म, जिन्याचा कठडा, खोलीचा आकार, बस्स. खालचा अलार्म जुना निघाला, तो बदलला. घरात लहान मूल येणार म्हणून आम्हा दोघांची डीबीएस तपासणी झाली, म्हणजे पूर्वी काही गुन्हा वगैरे नाही ना याची. मित्रमंडळींत एकदोघांना हा अपमान वाटला. मला उलट बरं वाटलं. नऊ वर्षांचं पोर कुणाच्याही घरी असंच कसं सोपवायचं?

मेच्या सुरुवातीला ती दोघं लूटन विमानतळावर उतरली. दोन पाठपिशव्या, एक चाकांची बॅग. पोराच्या हातात बुद्धिबळाचा घडीचा पट.

घराच्या दारात पाऊल टाकताच दोघांनी बूट काढले आणि नीट भिंतीला लावून ठेवले. वीस वर्षं इथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना “बूट काढता का जरा” म्हणताना मला संकोच वाटत आलाय. त्या क्षणी मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. तिने बॅगेतून घरात घालायच्या दोन जोड सपाता काढल्या. एवढ्याशा बॅगेत तिने सपातांना जागा ठेवली होती.

आणि मग माझा पाहुणचार सुरू झाला. आता काय सांगू! सकाळी चहा, मग नाश्ता, अकराला फळं, जेवायला चार पदार्थ, “अजून थोडं घे”, “अगं, काहीच खाल्लं नाहीस.” आग्रहाशिवाय वाढणं मला येतच नाही. ती प्रत्येक वेळी मान हलवून खायची. चौथ्या दिवशी मुलाने ॲपवर टाइप करून फोन माझ्यापुढे धरला: ‘आईचं पोट दुखतं. तिने सांगितलंय सांगू नको.’

त्याच संध्याकाळी तिने विचारलं, उद्या स्वयंपाक मी केला तर तुम्हाला राग येईल का?

राग! पण प्रश्न बरोबर होता. पाहुणा दोन दिवसांचा असतो. या योजनेत आपण किमान सहा महिन्यांचा शब्द देतो. सहा महिने कुणी पाहुणं म्हणून जगू शकत नाही. ती भाडेकरूही नव्हती, कारण भाडं घ्यायचंच नाही असा नियम. घरची म्हणावं तर तेही खोटं. त्या नात्याला आपल्याकडे शब्द नाही, आणि मी आपली ‘पाहुणी’ हा एकच शब्द घेऊन तिच्यामागे ताट घेऊन फिरत होते. फ्रिजमधला दुसरा कप्पा पूर्ण रिकामा करून तिला दिला. स्वयंपाकघर सहा ते सात तिचं, नंतर माझं. वॉशिंग मशीन, वायफाय, कोण कधी घरी येणार, सगळं एका कागदावर लिहिलं, दोन भाषांत. एरवी असं लिहून काढणं मला परकेपणाचं वाटलं असतं. ते झाल्यावर ती पहिल्यांदा खालच्या खोलीत येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

पैशांबद्दलही लिहिते, लोक विचारतात. सरकार तेव्हा यजमानाला महिन्याला ३५० पौंड देत होतं, आणि तेही घरामागे, माणसामागे नाही. आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीला हातखर्चाला २०० पौंड. आमचे ३५० गॅस आणि विजेतच जात, त्या वर्षी बिलं कशी भडकली होती ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. तिला खर्चातला वाटा द्यायचाच होता. शेवटी दूध आणि पाव तिने आणायचं ठरलं. त्यात तिने कधीही, एक दिवसही, चूक केली नाही.

कागदपत्रांचं काम आल्यावर संपलं नाही, वाढलं. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे सरकारी भत्ता, बँकेचं खातं, जीपीकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी, मुलाची शाळा, रेसिडेन्स परमिट. जिथे तिथे पत्त्याचा पुरावा मागायचे, आणि तिच्या नावावर बिल कुठलं असणार? मी यजमान म्हणून एक पत्र लिहून त्याच्या वीस प्रती काढून ठेवल्या. अठरा वापरल्या. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात, आगाऊ रक्कम मागता येते पण ती पुढे कापून घेतात. तिने नको म्हटलं. कर्ज नको.

तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार मात्र राहून राहून आठवते. रविवार होता, मी वरणाला फोडणी घालत होते. तेल जरा जास्त तापलं, त्यात सुक्या मिरच्या पडल्या, ठसका उठला आणि कौन्सिलच्या गृहस्थांसाठी बसवलेला तो नवाकोरा अलार्म कर्कश्श ओरडू लागला. नवरा टॉवेल हलवत धावला. मी खोकत खिडकी उघडली. अलार्म थांबल्यावर लक्षात आलं, मुलगा दिसत नाही.

तो जिन्याखालच्या बोळकांडीत बसला होता. पायात बूट, पाठ आतल्या भिंतीला, मांडीवर बुद्धिबळाचा पट. रडत नव्हता, घाबरलेलाही दिसला नाही. नळ जाणार म्हटलं की आपण बादली भरून ठेवतो तितक्या सवयीने तो तिथे जाऊन बसला होता. आईने सांगितलं, ‘दोन भिंतींचा नियम’. बाहेरच्या आणि आपल्या मध्ये दोन भिंती हव्यात. पहिली भिंत मार झेलते, दुसरी तुकडे अडवते. तळघरापर्यंत पोचता आलं नाही तर असं बसायचं. आमच्या घरात तशी जागा कोणती, हे त्याने आल्या दिवशीच हेरून ठेवलं होतं. मी त्या घरात अकरा वर्षं राहतेय. मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्यानंतर फोडणी घालायच्या आधी मी जिन्यातून ओरडून सांगायची, “मिरची!” हा त्याचा पहिला मराठी शब्द.

भाषेचं एक राहिलं. मायलेकरं आपसात रशियन बोलत, खार्किवमध्ये ते सर्रास आहे. पण माझ्यासाठी ॲपमध्ये कोणती भाषा लावू विचारलं तर तिने ठामपणे युक्रेनी म्हटलं. मी थोडी शिकत गेले. युक्रेनीतही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. आज्ञार्थाला शेवटी ‘ते’ लागलं की आदर. ‘सिदाय’ म्हणजे बस, ‘सिदायते’ म्हणजे बसा. ॲपचं भाषांतर इंग्रजीतून गेलं की हा फरक पुसला जातो, म्हणून आम्ही इतके दिवस काय बोलत होतो कोण जाणे. समोरासमोर मात्र ती मला कायम ‘ते’ लावूनच बोलायची. मी वयाने मोठी, घर माझं. मी ते तोडायला सांगितलं नाही. सांगून तुटत नाही ते.

अकरा महिन्यांनी तिला केअर होममधली नोकरी आणि भाड्याचा फ्लॅट मिळाला. फ्लॅट मिळणं हे सगळ्यांत अवघड निघालं. घरमालकांना जामीन हवा होता, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. जामीन आम्ही राहिलो. डिपॉझिटसाठी कौन्सिलने मदत केली. सामान न्यायला गाडीच्या तीन फेऱ्या झाल्या. दोन पाठपिशव्या आणि एका बॅगेचं एवढं कसं झालं याचं तिलाही हसू येत होतं.

पंधरा दिवसांनी तिने जेवायला बोलावलं. दार मुलाने उघडलं, मागून ती हात पुसत आली आणि मला म्हणाली, “झाखोद.” ये. ‘झाखोद्ते’ नाही. मी बूट काढायला खाली वाकले. भिंतीला लावून दोन नव्या सपाता ठेवल्या होत्या, एक जोड नवऱ्याची, एक माझी. माझी एक नंबर मोठी होती.